तिसरीच्या वर्गातली अंडी

एक महिना, असं रेडिओ म्हणाला होता.
मी जुकोचं दप्तर खिळ्याला अडकवलं.
एका महिन्याला तेवढा खिळा पुरे.

मित्यानाच्या रस्त्यावरची शाळा, बाईंच्या मालकीची.
बाईंवर बँकेचं कर्ज, आणि बँकेला सुट्टी नव्हती.
आधी त्यांनी मैदानात मका लावला.
आमच्याकडे वर्षाला दोनदा पिकतं;
शाळा उघडेपर्यंत चार पिकं निघाली
दोन गोलांच्या मधून.
मग वर्गांत कोंबड्या आल्या,
तिसरीत दोनशे, चौथीत दीडशे.
फळ्यावर तारीख तशीच, वीस मार्च, शुक्रवार,
खाली अर्धं राहिलेलं वाक्य
मुकीबी मास्तरांच्या तिरक्या अक्षरात.
मास्तर विटा पाडायला गेले.
वाटेत भेटले की हात मागे घ्यायचे,
जणू मीच त्यांची वही तपासणार होते.

धडे आले होते, नाही असं नाही.
वर्तमानपत्रात छापून. गावाला एक प्रत.
आमच्या घरी पोचली तेव्हा
तिच्यात भाजलेले शेंगदाणे होते.
जुकोनं दाणे खाल्ले, कागद मांडीवर सरळ केला,
तेलाच्या डागातून भागाकार शोधला
आणि उत्तर मला विचारलं.
मला.
मी म्हटलं, शेगडी पेटव.

तेव्हापासून तो अंडी विकू लागला.
बाईंकडून तीसचा ट्रे उधार,
आमच्या शेगडीवर उकडायचा,
पुडीत मीठ,
आणि टॅक्सी थांबली की धावत खिडकी गाठायची.
नऊ वर्षांचा होता.
दहाचा झाला, अकराचा झाला, तिथेच, खिडक्यांखाली.
हिशेब असा पक्का की
फुटलेली दोन वजा, पोलिसाचं एक वजा,
नफा झोपेतही सांगायचा.
पण औषधाच्या बाटलीवरचं नाव वाच म्हटलं
तर अक्षरांवरून बोट फिरवत राहिला,
अंधारात आपल्याच घराची भिंत चाचपावी
आणि दार हाताला लागू नये तसा.

एकदा म्हणाला, आई, ही माझ्याच वर्गातली अंडी.
माझ्या बाकाखाली घालतात.
हसला. मीही हसले.
त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

नामुलीचं सांगणार नव्हते.
सांगते.
तिला मीच धाडलं बहिणीकडे, वमाला तलावाकाठी,
मासे तरी मिळतील, एक तोंड कमी होईल म्हणून.
आली ती दोन जिवांची.
कोण, ते मी एकदाच विचारलं.
तिनं भूमितीची पेटी उघडली,
कर्कटक काढून ठेवलं,
आणि त्या दिवसापासून पेटीत
लंगोटाच्या पिना आहेत.

दुसऱ्या जानेवारीत शाळा उघडल्या.
दप्तर काढलं तर खिळ्याच्या गंजाचा डाग पट्ट्यावर.
जुकोचा पाय निघेना.
दिवसाचे तीन हजार बुडतील, म्हणाला, कोण भरणार?
सगळ्यांना एक इयत्ता वर ढकललं होतं,
दोन वर्षं जणू कुणी पायरी चढलंच होतं.
मी त्याला हाताला धरून नेलं,
तो माझ्या खांद्याला लागत होता.

मग नामुलीच्या शाळेबाहेर जाऊन बसले,
फणसाखाली, बाळ मांडीवर घेऊन.
आम्ही फेने म्हणतो त्या झाडाला.
मधल्या सुट्टीत ती आली,
रस्त्याकडे पाठ करून पाजलं त्याला.
मैत्रिणी कुंपणापाशी उभ्या होत्या, जवळ नाही, लांबही नाही.
घंटा झाली तेव्हा तो अजून पीत होता.
ती उठली. तो रडला.
पुढचा तास संपेपर्यंत रडला.
खिडकीत तिची मान मला दिसत होती.
वळली नाही.
चांगलं केलंस पोरी, मी म्हटलं, फणसाला.

संध्याकाळी जुकोला विचारलं, काय शिकवलं आज?
काही नाही. वर्ग खरवडले.
मुकीबी मास्तरांनी बादली आणली, आम्ही खराटे.
माझ्या जुन्या बाकाखाली एक अंडं मिळालं, आई, राहून गेलेलं.
मास्तरांनी हातात धरून विचारलं, कुणाचं हे?
कुणीच बोललं नाही.

मग?

मग काय.
मला त्याची किंमत माहीत होती.